वाचून दाखवला, बरोबर आहे

ही गोष्ट मी कितीतरी वर्षं कुणाला सांगितली नव्हती. बायकोला नाही आणि शेजारच्या टेबलावर वीस वर्षं बसणाऱ्या स्टँपवाल्यालाही नाही. या अंकाच्या संपादकांनी सांगितलं होतं की धंद्यातल्या गमती लिहा. गमती आहेत, त्या येतील. पण आधी हे लिहून टाकतो, नाहीतर नेहमीसारखं राहून जाईल. चौदा वर्षांपूर्वी मी एका बाईचा अर्ज लिहिला. तो तिला वाचून दाखवताना कागदावर होतं ते मी वाचलं नाही. ती जे बोलली होती, ते वाचलं. कागदावर दुसरंच होतं. बाईंना अक्षरओळख नव्हती. त्यांनी अंगठा दिला.

मी अर्ज लिहितो. भोरला कचेरीच्या बाहेर पत्र्याच्या शेडखाली माझं टेबल आहे. सुरुवातीला हातानं लिहायचो, मग टाइपरायटर आला, आता लॅपटॉप आणि एक छोटा प्रिंटर. लाईटनं डोळा मारला की प्रिंटर रुसून बसतो. बाहेरच्या माणसाला वाटतं, अर्ज लिहिणं म्हणजे काय, 'मेहेरबान साहेबांचे सेवेशी' आणि खाली 'आपला विश्वासू'. तसं नसतं. माणूस टेबलाशी येतो तो आज्यापासून सुरुवात करतो. आज्यानं कुठला आंबा लावला, चुलतीनं लग्नात कसा मान ठेवला नाही, मग तासाभरानं कळतं की त्याला रेशनकार्डावर सुनेचं नाव घालायचं आहे. आमचं कसब लिहिण्यात कमी, गाळण्यात जास्त. साहेब अर्धं पान वाचतो, म्हणून आख्खं आयुष्य अर्ध्या पानात बसवायचं.

शेवटी एक रीत असते. लिहून झाला की अर्ज मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि खाली लिहायचं, 'वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझे सांगणेप्रमाणे बरोबर आहे.' मग सही किंवा अंगठा. ज्याला वाचता येत नाही, त्याचा सगळा भरवसा त्या वाचण्यावर.

या वाचण्यातूनच काय काय ऐकायला मिळालं. हिर्डोशी खोऱ्यातला एक म्हातारा एसटीविरुद्ध अर्ज द्यायला आला होता, फाट्यावर गाडी थांबत नाही म्हणून. अर्ज वाचून दाखवला तर म्हणाला, "कंडक्टर वळखीचा आसून वळख देत न्हाई, त्ये कुठाय?" म्हटलं, बाबा, ते अर्जात बसत नाही. तर म्हणतो, "त्येच तर मेन हाय. गाडी काय, आज न्हाई उद्या थांबंल."

दोघे भाऊ बांधावरून भांडलेले. एकाच सकाळी दोघंही माझ्याकडेच आले, कारण एकाच एसटीनं आले होते. धाकट्यानं विचारलं, "दादानं काय लिवलंय?" म्हटलं, ते सांगता येत नाही. "बरं. मंग त्याच्यापरीस दोन वळी जास्ती लिव्हा."

आणि एक म्हातारी. पेन्शनचा अर्ज वाचून दाखवला. 'अर्जदार निराधार असून उपजीविकेचे कोणतेही साधन नाही.' ती हळूच म्हणाली, "एवढं वाईट झालंय व्हय माझं?" त्या दिवशी मला माझ्या हातातल्या शब्दांची थोडी भीती वाटली होती. पुढं ती भीतीही गेली.

आता 'मिसिंग'. घरातला माणूस सापडत नसला की पोलिसांकडं नोंद करतात, तिला सगळे मिसिंगच म्हणतात. तिचा मजकूर ठरलेला. नाव, वय, उंची, रंग, अंगात काय कपडे, आणि त्याआधी एक तयार वाक्य: 'घरात कोणास काहीएक न सांगता कोठेतरी निघून गेला आहे.' हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिलंय की बोटं आपोआप टाइप करतात. बहुतेक वेळा ते खरंही असतं. दहावीला नापास झालेला पोरगा, दारूवरून भांडून गेलेला नवरा. आठ दिवसांनी परत येतात. या वाक्यानं कुणाचं वाईट होईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

ठकूबाई माझ्या टेबलाशी आल्या तेव्हा चाळिशीच्या असतील. पासलीच्या वरच्या धनगरवाड्यातल्या. बरोबर आठ-नऊ वर्षांची मुलगी, सुरेखा. त्यांचा नवरा कोंडिबा दोन शेळ्या विकायला कापूरहोळला गेला होता, तो चार दिवस झाले परतला नव्हता. त्यांचा तालुका शेजारचा, तिथं त्या आधी विचारून आल्या होत्या. तिथं त्यांना कळलं की प्रकार कापूरहोळला झाला, हद्द इकडची, म्हणून त्या भोरला आल्या.

"न्हाईसं न्हाई झालं," त्या म्हणाल्या. "न्येलं त्येंला."

मग त्यांनी सांगितलं. कोंडिबा चौकात पंक्चरच्या दुकानाजवळ टेम्पोची वाट बघत उभा होता. साध्या कपड्यातले चौघं पांढऱ्या जीपमधून उतरले. त्यांनी नाव विचारलं, एकानं कार्ड दाखवलं, "चौकशी हाय, सांजच्याला सोडतो," म्हणाले आणि त्याला जीपमध्ये घेतलं. हायवेवर एक ट्रक लुटला गेला होता, त्याची धरपकड चालू होती असं नंतर लोक बोलायचे. शेळ्या तिथंच खांबाला बांधलेल्या राहिल्या. पंक्चरवाल्यानं तीन दिवस त्यांना पाला घातला, पाणी पाजलं. ठकूबाई शोधत गेल्या तेव्हा त्यानं शेळ्या त्यांच्या हवाली केल्या आणि डोळ्यांनी पाहिलेलं सगळं सांगितलं. त्याला जीपच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे आठवत होते.

मी सगळं वहीत उतरवून घेतलं. म्हटलं, बाई, दुपारनंतर या, तयार ठेवतो.

दुपारी टपरीवर चहा घेताना माझ्या ओळखीचा एकजण भेटला. पोलिस खात्यात लेखनिक होता. कुठल्या ठाण्यात ते लिहीत नाही. मी सहज म्हणून त्याला सांगितलं. सहज नव्हे, खरं म्हणजे मला त्याला विचारायचंच होतं. त्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला.

"साधी मिसिंग लिहा."

"पण ती बाई म्हणते नेलं."

"बाहेरचं पथक आहे. दोन दिवसांत सोडतील. पथकाचं लिहिलंत तर अर्ज कुणी घ्यायचं नाही, आणि बाईलाच हेलपाटे पडतील. तुमच्याही टेबलाशी उद्यापासून कोण येतंय बघा मग."

तो धमकी देत नव्हता. समजावून सांगत होता, जसं घरातलं माणूस सांगतं. बाहेरचं पथक आहे हे त्याला कसं ठाऊक, हे मी विचारलं नाही. तो प्रश्न मला सुचला होता, हेही आज सांगतो. सुचला आणि मी तो चहाबरोबर गिळला.

टेबलाशी येऊन मी अर्ज टाइप केला. 'माझे पती कोंडिबा हे घरात कोणास काहीएक न सांगता कोठेतरी निघून गेले आहेत. उंची साडेपाच फूट, रंग सावळा, अंगात पांढरा सदरा.' जीप गाळली. पंक्चरवाला गाळला. शेळ्या तर सवयीनंच गाळल्या, गुरंढोरं अर्जात घ्यायची नसतात म्हणून. दोन शेळ्या खांबाला बांधून कुणी माणूस घर सोडून जात नाही, एवढी साधी गोष्ट.

ठकूबाई आल्या. अर्ज हातात धरून मी वाचायला लागलो, आणि माझ्या तोंडून कागदावरचं वाक्य निघेना. त्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मग मी वहीतलं आठवून त्यांचं त्यांना वाचून दाखवलं. जीप, चौघं जण, कार्ड, नंबर, शेळ्या, सगळं. अगदी अर्जाच्या भाषेत, 'सदर इसमांनी' वगैरे घालून. त्या म्हणाल्या, "व्हय. आसंच झालं. बेस लिवलंत, भाऊ." सुरेखा टेबलाला हनुवटी टेकवून ऐकत होती.

अर्ज त्याच दिवशी घेतला गेला. पोच मिळाली. मला वाटलं, बघा, साधं लिहिलं म्हणूनच घेतला.

दोन दिवसांत कोंडिबा आले नाहीत. दोन वर्षांतही नाही.

ठकूबाई वर्षातून दोन-तीनदा भोरला चौकशीला यायच्या आणि जाताना माझ्या टेबलाशी टेकायच्या. कधी हातात वालाच्या शेंगांची पिशवी, कधी करवंदं. मी घ्यायचो. न घेण्याचं कारण सांगता आलं नसतं. वाडीत लोक बोलायला लागले होते की कोंडिबा कुणाला तरी घेऊन कोकणात उतरला. पोलिसांच्या कागदातही तसंच आहे, निघून गेला म्हणून, असं कुणीतरी पसरवलं होतं. तो कागद कुणाच्या हातचा हे मला माहीत होतं.

सुरेखाचं लग्न ठरलं तेव्हा पत्रिकेचा मजकूर लिहायलाही त्या माझ्याकडेच आल्या. मुलीच्या बापाच्या नावापाशी मी थांबलो. जिवंत असला तर 'श्री.', नसला तर 'कै.'. छापणारा मधलं काही ठेवत नाही. मी विचारलं, "काय घालू?"

"श्री.च घाला. कै. म्हनाया मला अजून कुनी सांगितलंय?" मग म्हणाल्या, "सांगू द्या की. म्या घालीन. पन कुनीतरी सांगाया तर पायजे."

लग्नाला मी गेलो नाही. आजारी आहे म्हणून कळवलं.

हे सगळं असंच राहिलं असतं. पण दीड वर्षापूर्वी पुण्याहून एक वकीलबाई आल्या. त्यांना भोरला तरुण मुलांसाठी कायद्याचं शिबिर घ्यायचं होतं, मानवी हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारांवर. त्यांनी स्वतः केलेलं मराठी भाषांतर टाइप करायला आणि "जरा माणसांच्या भाषेत आणायला" माझ्याकडं दिलं. बाईंनी एका कराराचं नाव 'जबरी अंतर्धान' की असंच काहीतरी लिहिलं होतं. म्हटलं, मॅडम, अंतर्धान देव पावतात. इथली पोरं हसतील. 'सक्तीनं नाहीसं करणं' लिहा. त्या हसल्या आणि म्हणाल्या, बदला.

मग मी तो मजकूर टाइप करू लागलो. सरकारच्या माणसांनी, किंवा सरकारच्या पाठिंब्यानं वागणाऱ्यांनी, एखाद्याला धरून नेणं. आणि त्यानंतर नेलंच नाही म्हणणं, किंवा त्याचं काय झालं, तो कुठं आहे हे दडवणं, म्हणजे तो कायद्याच्या संरक्षणाबाहेर पडतो. बोटं तिथं थांबली. नुसतं नेणं नव्हे, नेलं हे दडवणं हा त्याचाच भाग. पुढं होतं की युद्ध असो, आणीबाणी असो, कुठलीही सबब चालणार नाही. धरून ठेवलेल्या प्रत्येकाची नोंद ठेवली पाहिजे. नेलेल्या माणसाइतकेच त्याच्या घरचेही पीडित, आणि काय झालं ते कळण्याचा त्यांना हक्क आहे. आणि हे की असा माणूस सापडेपर्यंत, त्याचं काय झालं ते उजेडात येईपर्यंत, तो गुन्हा संपत नाही. चालूच राहतो.

मी वकीलबाईंना विचारलं, हा करार आपल्याला लागू आहे का? त्या म्हणाल्या, भारतानं सही केलीये, पण पुढं त्याला मान्यता देऊन स्वतःला बांधून घेतलेलं नाही. आमच्या धंद्यात सांगायचं तर साठेखत झालं, खरेदीखत नाही. पण त्या असंही म्हणाल्या की आपल्या कायद्यातही अटक झालेल्याला चोवीस तासांत न्यायाधीशापुढं उभं करावं लागतं, घरच्यांना कळवावं लागतं, आणि 'माणूस हजर करा' असा अर्ज थेट उच्च न्यायालयात करता येतो. "फक्त," त्या म्हणाल्या, "पहिल्या कागदात तसं म्हटलेलं असलं तर फार सोपं जातं. पहिला कागद फार महत्त्वाचा."

मी मान हलवली. शिबिराच्या दिवशी मी तिथं मागं बसलो होतो. पुढच्या रांगेत सुरेखा होती.

ती आता आशाताई म्हणून काम करते, माहितीच्या अधिकाराचे अर्ज स्वतः लिहिते. शिबिरानंतर महिन्या-दीड महिन्यानं ती टेबलाशी आली. हातात तिच्या वडिलांच्या मिसिंगच्या अर्जाची नक्कल होती.

"मामा, ह्ये वाचलं मी. आई जे बोलली हुती ते ह्यात न्हाई. मला आठवतंय, तुमी जीप वाचली हुती. मी हितंच हुते." तिनं टेबलाच्या कडेला हात लावला. "का मी लहान हुते म्हनून मला उगं आठवतंय?"

त्या प्रश्नानं तिनं मला वाट करून दिली होती. तू लहान होतीस, पोरी, एवढं म्हटलं असतं की संपलं. मी म्हटलं, "तुला बरोबर आठवतंय."

ती रडली नाही की ओरडली नाही. म्हणाली, "मंग मला नगा सांगू. आईला सांगा."

मी पासलीला गेलो. भात पोटरीला आलं होतं. एसटीतून उतरून वर चढेपर्यंत दोनदा बसलो, दम लागला म्हणून आणि दुसऱ्या कारणानंही. ठकूबाई शेळ्यांच्या वाड्याला कुडाच्या काठ्या बांधत होत्या, सुरेखा माहेरी आलेली, ती काठी धरून उभी होती. मी नक्कल काढली आणि जशी आहे तशी वाचली. चार ओळी. संपलं.

"येवढंच?" त्या म्हणाल्या. "म्या तर लई बोलले हुते."

"हो."

"जीप?"

"नाही."

"पंक्चरवाला? शेळ्या?"

"नाही."

"मंग ह्यात हाय काय?"

"सदरा आहे. पांढरा सदरा."

त्या खाली बसल्या. हातातली दोरी तशीच. मग म्हणाल्या, "तरीच. दर बारीला साहेब म्हनायचं, बाई, तुमीच तर लिवून दिलंय निघून ग्येला म्हनून. मला वाटायचं, मीच कायतरी येड्यावानी बोलून ग्येले आसंन. भाऊंनी लिवलेलं खोटं कसं आसंल."

मला इतक्या वर्षांत जे कुणी बोललं नव्हतं ते त्यांनी असं, मला दोष न देता बोलून टाकलं.

"तुमाला कुनी धमकी दिली हुती का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणावं अशी त्यांची इच्छा असावी असं मला वाटलं.

"नाही. एकानं सांगितलं, आणि मी ऐकलं."

"पंक्चरवाल्याला आना मंग. त्यानं बघितलंय."

तेही मला सांगावं लागलं. रस्ता रुंद झाला तेव्हा त्याचं दुकान गेलं होतं. मी वर येण्याआधी कापूरहोळला चौकशी केली होती. तो दोन वर्षांपूर्वी वारला. इतक्या वर्षांत त्याला कुणी काही विचारायला गेलं नाही, कारण त्याचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं.

सुरेखानं चहा केला. ठकूबाईंनी मला कप दिला आणि म्हणाल्या, "आता खरं लिव्हा. पन ह्या बारीला तुमी वाचू नगा. सुरेखा वाचंल."

मी प्रतिज्ञापत्र लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं. दोन दिवस लागले. गाळायची सवय मोडायला वेळ लागतो. या वेळी शेळ्या घातल्या, त्यांचे रंगसुद्धा घातले. वहीतलं जुनं टिपण सापडलं, त्यात जीपचे दोन आकडे होते, ते घातले. मी काय ऐकलं, काय लिहिलं आणि काय वाचून दाखवलं, ते सगळं घातलं. ठरल्या दिवशी मायलेकी भोरला आल्या. वकीलबाईही आल्या. उच्च न्यायालयातला अर्ज त्या करणार आहेत. सुरेखा माझ्या खुर्चीत बसली आणि मोठ्यानं वाचू लागली. शेजारचा स्टँपवाला काम थांबवून ऐकत होता. ठकूबाई प्रत्येक ओळीला "व्हय" म्हणत होत्या.

एका ओळीवर सुरेखानं बोट ठेवलं. 'एका परिचिताचे सांगण्यावरून मी सदर मजकूर वगळला.'

"मामा, ह्ये परिचित कोन?"

मी म्हटलं, ते नंतर पुरवणीत घालता येईल.

ठकूबाईंनी विचारलं, "त्यो मानूस जिता हाय का, भाऊ?"

"आहे."

"मंग त्याला ठावं आसंल, जीप कुठल्या ठान्याची हुती. कुठं ग्येली."

वकीलबाई माझ्याकडं बघत होत्या. ठकूबाईंनीच शेवटी म्हटलं, "सही तुमची हाय. तुमी ठरवा." मी सही केली. कागद तसाच, नावाशिवाय गेला.

तो परिचित माझा साडू आहे. निवृत्त झालाय. माझ्या घरापासून दोन आळ्या सोडून राहतो. माझ्या बायकोची थोरली बहीण त्या घरात आहे, तिनं आमच्या मुलांच्या वेळची बाळंतपणं काढलीयेत. मी त्याच्याकडं एकदा जाऊन बसलो, विषय काढला. तो म्हणाला, "मला आठवत नाही," आणि टीव्हीचा आवाज वाढवला. त्याला आठवतंय. आठवत नसतं तर त्यानं विचारलं असतं, कोण कोंडिबा?

नातं इथं लिहिलं म्हणजे भोरमध्ये अर्धं नाव लिहिल्यासारखंच आहे, हे मला कळतं. हा अंक घरोघर गेला की आमच्या घरी काय होईल तेही कळतं. पण अर्धं नाव न्यायालयात चालत नाही. तिथं पूर्ण नाव लागतं, हुद्दा लागतो, तो त्या दिवशी टपरीवर बोलला ते शब्द लागतात, आणि खाली माझी सही. कोंडिबांना कुठं नेलं हे मला माहीत नाही. ज्याला माहीत असण्याचा संभव आहे असा एकच जिवंत माणूस मला ठाऊक आहे, आणि त्याचं नाव फक्त मीच देऊ शकतो.

ठकूबाईंना मी ते नाव शपथेवर देणं लागतो. अजून दिलेलं नाही.